कोण ही टोपरे?

दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा, असं आपल्या मंडळाच्या संपादकांनी सांगितलं. कॉलेजातल्या गमतीजमती, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका वगैरे. गमती पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षी नोकरी संपली तेव्हापासून लिहायला बसले की एकच गोष्ट वर येते, आणि तिच्यात मला अजून हसू सापडलेलं नाही. तेव्हा संपादकांची माफी मागून मी रागावूनच लिहिणार आहे. फराळात एखादी चकली तिखट निघाली तर वर पाणी प्यावं.

मी उज्जैनच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते आणि शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करत होते. विषय सॉफ्टवेअर टेस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमची तपासणी. माधव नगरातल्या आमच्या शेजारणीला वाटायचं की मी बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करते. एकदा त्यांनी मिक्सरही आणून दिला. तर ज्यांना माझ्या कामाचं असंच काहीतरी वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

समजा, वीजबिलं काढणारा एक मोठा प्रोग्रॅम आहे. त्यात कुणीतरी एक छोटासा बदल केला, थकबाकीवरचा दंड वाढवला. आता या बदलाने दुसरीकडे काही मोडलं का, हे बघायला चाचण्या असतात, हजारोंनी. सगळ्या चालवायच्या तर दोन दिवस जातात आणि बिलं तर उद्या निघायची असतात. मग आधी कोणत्या चालवायच्या? लग्नाआधी मी इंदूरला एका संस्थेत होते. तिथून अशा एका कंपनीत जाऊन मी महिनोन्महिने बसले आणि एक पद्धत बसवली. बदल कुठे झाला, त्याच्या आसपास पूर्वी कोणती चाचणी फसली होती, यावरून चाचण्यांचा क्रम लावायचा. डॉक्टर जसा आधी दुखऱ्या जागी हात लावतो, तसंच. सांगताना सोपं वाटतं, पण तोवर कुणी केलेलं नव्हतं. त्यावर मी एक पेपर लिहिला आणि तो परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापून आला. त्यावर नाव होतं, के. टोपरे. कालिंदी टोपरे. म्हणजे मी.

आता सायटेशन म्हणजे काय तेही सांगते, कारण माझं सगळं रामायण त्यावरच आहे. आपण नाही का म्हणत, ही गुळपोळी देवासच्या काकूंच्या पद्धतीची? तसंच संशोधनात दुसऱ्याची पद्धत वापरली की तळाशी त्याचं नाव आणि पेपर लिहायचा. इतकी साधी, सभ्यपणाची गोष्ट. पुढे कुणीतरी ही नावं मोजायला सुरुवात केली आणि सभ्यपणा संपला. कुणाच्या पेपरचा किती जणांनी उल्लेख केला यावर बढती ठरू लागली, कॉलेजचा क्रमांक ठरू लागला. काकूंच्या गुळपोळीची चव राहिली बाजूला, काकूंचं नाव किती जणींनी घेतलं एवढंच उरलं.

आणि त्या टोपरेबाईंचं नाव जगभर घेतलं जात होतं. अजूनही घेतलं जातं.

माझं लग्न त्या काळच्या मानाने फारच उशिरा झालं, तिशी उलटल्यावर. सासर उज्जैनचं. चिटणीस. पूर्वज शिंदेशाहीत दफ्तर सांभाळायचे, त्यामुळे घरात रीतीभातींचं दफ्तरही चोख. त्यातली एक रीत अशी की येणाऱ्या सुनेचं नाव बदलायचं. आडनाव तर बदलतंच, पहिलं नावसुद्धा. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरले, यजमानांनी अंगठीने त्यावर नाव लिहिलं, पेढे वाटले आणि मी मेधा झाले. मेधा म्हणजे बुद्धी. तिशीपर्यंत मी तिच्यावाचूनच चालवलं होतं म्हणायचं.

यजमान, म्हणजे विनायक, बँकेत. माणूस भला आणि कागदपत्रांचा अतिउत्साही. रेशन कार्डापासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे त्यांनी नवं नाव चढवून आणलं. उज्जैनच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा माझ्या पदव्या टोपरेच्या आणि मी चिटणीस, म्हणून कोर्टात जाऊन शपथपत्र केलं. कॉलेजने ते घेतलं आणि माझ्या सेवापुस्तकाला लावलं. पुढचे पेपर टोपरे याच नावाने लिहावेत असं माझ्या मनात होतं. कॉलेजने सांगितलं, सेवापुस्तकात जे नाव आहे त्याच नावाचे पेपर धरले जातील. नियम आहे. मग पीएचडी झाली, पेपर झाले, सगळे मेधा चिटणीसचे. त्या पद्धतीवरच माझं पुढचं काम उभं होतं, म्हणून प्रत्येक पेपरच्या तळाशी मी प्रामाणिकपणे लिहीत राहिले, मूळ पद्धत टोपरे यांची.

दरम्यान मोजणीचा बाजार वाढत होता. फोन यायचे, मॅडम, आमच्या जर्नलमध्ये पाठवा, आठवड्यात छापतो. पेपर तपासणारे अनोळखी विद्वान कळवायचे की काम उत्तम आहे, फक्त पुढील चार पेपरांचा उल्लेख राहून गेला आहे, आणि ते चारही पेपर एकाच माणसाचे असायचे. तो माणूस कोण हे समजायला पीएचडी लागत नाही.

आमच्या कॉलेजात या बाजाराचे आडते होते डीन श्रीवास्तव साहेब. बोलायला गोड, कपाळाला रोज टिळा. त्यांनी निरनिराळ्या विभागांतल्या सहा-सात जणांचं एक मंडळ जमवलं होतं. प्रत्येकाने आपल्या पेपरात बाकीच्यांची नावं घालायची. मलाही बोलावलं. म्हणाले, यात गैर काय, लग्नात आपण पाकीट देतो, मग आपल्या घरच्या लग्नात ते पाकीट देतात, व्यवहार आहे. मी म्हटलं, माझा पेपर प्रोग्रॅमच्या चाचण्यांचा आणि तुमच्या मंडळातल्या एकाचा सोयाबीनच्या पानांवरच्या रोगाचा, मी तो कुठे बसवू? साहेब हसून म्हणाले, भूमिकेत, म्हणजे प्रस्तावनेत, बसवा, भूमिका कोण वाचतं. मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी गर्विष्ठ झाले. मंडळातल्या लोकांचे आकडे मात्र दर वर्षी पावसाळ्यातल्या क्षिप्रेसारखे चढत गेले.

अशात प्राध्यापकपदाची जागा निघाली. आमच्या विभागात ती वर्षानुवर्षं रिकामी होती आणि माझी निवृत्ती फार लांब नव्हती. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली. मी अर्ज केला, सगळे पेपर जोडले, टोपरेचाही जोडला.

आठवड्याभरात डीन साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. छाननी समिती बसली होती आणि तिच्यात तिघे त्याच मंडळातले. टेबलावर एका सॉफ्टवेअरने काढलेला माझ्या पेपरांचा तपास होता. कुणाचं लिखाण कुणी उचललं ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. माझ्या पेपरांतले, मूळ पद्धत सांगणारे परिच्छेद लाल रंगवलेले. मूळ लेखक, के. टोपरे. समितीचं म्हणणं दोन बाजूंनी होतं. एक, मी या टोपरेचं लिखाण चोरलं आहे. दुसरं, मी प्रत्येक पेपरात तिचंच नाव घेते, तेव्हा आमचा दोघींचा काही व्यवहार असावा. सोयाबीनवाले गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले की असे व्यवहार संशोधनाला कलंक आहेत. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकताना माझी कानशिलं तापली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. इथे तर सुळी द्यायला चोरच बसले होते.

"कौन है ये टोपरे?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, मी. माझं लग्नाआधीचं नाव. सेवापुस्तकात शपथपत्र आहे, बघा. शिपाई गेला, पुस्तक आलं, शपथपत्र निघालं. कॉलेजचा शिक्का, कॉलेजची सही. मला वाटलं, विषय संपला. समितीने चोरीचा आरोप मागे घेतला, तोही उपकार केल्यासारखा. मग साहेब म्हणाले की अर्जातले गुण मात्र पोर्टलवर जे दिसतं त्यावरूनच मिळतील. हे पोर्टल परदेशातल्या एका कंपनीचं, जगातल्या सगळ्या संशोधकांची जंत्री ठेवणारं. त्यावर टोपरे एक बाई आणि चिटणीस दुसरी. टोपरेचे उल्लेख शेकड्यांनी, चिटणीसचे बेतास बात.

"मैडम, मैं जानता हूँ, आप जानती हैं," साहेब म्हणाले. "पोर्टल नहीं जानता."

म्हणजे पगाराला, पेन्शनला, वर्गातल्या तासांना मी टोपरेही होते आणि चिटणीसही. फक्त जिथे माझं काम माझं म्हणायचं होतं तिथे आम्ही दोघी अनोळखी.

मी पोर्टलला पत्र लिहिलं, ही दोन्ही नावं माझी, कृपया एकत्र करा. शपथपत्र जोडलं. उत्तर आलं ते विनयाने ओथंबलेलं. अशा विनंतीला दुसऱ्या लेखकाची संमती लागते, त्यांच्या नोंदवलेल्या ईमेलवर आम्ही विचारणा करू, त्यांनी हो म्हटलं की झालं. तो ईमेल इंदूरच्या संस्थेतला माझाच जुना पत्ता, मी नोकरी सोडली तेव्हाच बंद झालेला. मी इंदूरला गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, इतकी जुनी खाती पुन्हा सुरू होत नाहीत, हवं तर अर्ज टाका. अर्ज टाकला. त्याचं उत्तर आजतागायत यायचं आहे.

घरी हे सगळं ऐकून सासूबाई हिरमुसल्या. त्यांना वाटलं मी त्यांनी ठेवलेल्या नावाला दोष देते आहे.

"माझंही बदललं होतं गं," त्या म्हणाल्या. "काही गोष्ट नाही म्हटलं आणि सोडून दिलं. तुला इतकं का लागतं?"

काय सांगणार? त्यांचं नाव गेलं तेव्हा त्यांचं आईवडिलांनी हाक मारलेलं बालपण गेलं असेल, आणि ते काही कमी नाही. माझं नाव गेलं तेव्हा त्याच्याबरोबर मी केलेलं कामही गेलं, आणि ते दुसऱ्या बाईच्या घरी जाऊन मोठं झालं. विनायकांनी धीर दिला, अजून एक शपथपत्र करू या, दोन-तीन चकरा मारू. मी त्यांच्यावर ओरडले. मग वाईट वाटलं, पण ओरडले ते खरं.

मुलाखतीचा दिवस आला. तज्ज्ञ पुण्याहून आले होते, सपत्नीक. सकाळी कॉलेजच्या गाडीतून त्यांचं देवदर्शन झालं, मग रामघाटावर पूजा झाली, आणि आम्ही उमेदवार दुपारपर्यंत ताटकळत बसलो. पण माणूस आपल्या विषयातला जाणकार होता, हे कबूल करायला हवं. माझे पेपर त्यांनी खरोखर वाचले होते. आणि तेच माझ्या मुळावर आलं.

"तुमचं काम बरं आहे," ते मराठीत म्हणाले. "पण मूळ कल्पना टोपरे यांची. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना त्यांचा पेपर अजून वाचायला देतो. तुम्ही नीट वाचला आहे ना?"

"लिहिला आहे," मी म्हटलं.

त्यांना कळेना. मी समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा आधी उजळला. पुढे झुकून ते काही विचारणार होते, इतक्यात साहेबांनी त्यांच्यासमोर गुणांचा तक्ता सरकवला आणि सांगितलं की नियमाप्रमाणे पोर्टलवरचेच आकडे धरायचे आहेत. तज्ज्ञांनी तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. त्यांची संध्याकाळची गाडी होती. म्हणाले, खेद वाटतो. जागा सोयाबीनवाल्यांच्या मंडळातल्या एका गृहस्थांना मिळाली. त्यांच्या आकड्यांत सोयाबीनचा वाटा किती, हे कुणी विचारलं नाही.

मी त्या रात्री जेवले नाही. पद गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त झोंबलं ते हे की आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम माझ्यासमोर ठेवून मला विचारलं गेलं, नीट वाचलं आहे ना.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी संपादकांना हवं तसं हलकंफुलकं लिहिलं असतं. पण पुढच्या वर्षी कॉलेजांची क्रमवारी ठरवणाऱ्या लोकांनी आमच्या कॉलेजाकडे आकडे मागितले. आणि क्रमवारीवाले मंडळांचे आपापसातले उल्लेख आता धरत नाहीत, अशी बातमी फुटली. श्रीवास्तव साहेबांचा डोलारा एका दिवसात बसला. बाहेरच्या जगाने खरोखर घेतलेली नावं हवी होती, आणि ती आणायची कुठून?

एका रविवारी सकाळी साहेब आमच्या दारात उभे. हातात मिठाईचा डबा. अडला हरी म्हणतात, पण हा हरी गाढवाच्या पायाशी येतानाही रुबाबात होता. विनायकांनी बसवलं, मी चहा टाकला. सासूबाईही येऊन बसल्या, त्यांना वाटलं माझ्या बढतीचंच काही आहे. साहेब म्हणाले की कॉलेजला माझ्या त्या पेपरचा किती अभिमान आहे, आणि इतकी वर्षं तो कॉलेजच्या खात्यात आला नाही याची त्यांना किती खंत आहे. मग खिशातून चिठ्ठी काढली. इंदूरच्या त्या संस्थेचे प्रमुख त्यांचे वर्गमित्र निघाले. एक फोन केला आणि माझं जुनं ईमेल खातं दुपारपर्यंत सुरू झालं. चिठ्ठीवर पासवर्ड होता. पोर्टलला विनंतीही त्यांनीच माझ्या वतीने पाठवून दिली होती. आता टोपरेच्या खात्यात विचारणा आली असेल, हो म्हणायचं, बस.

एक फोन. माझ्या अर्जाला ज्या संस्थेने उत्तरसुद्धा दिलं नव्हतं तिथे एक फोन. मी विचारलं, नावं एकत्र झाली तर प्राध्यापकपदाचा पुन्हा विचार होईल का? साहेबांनी नकारार्थी मान हलवली. पद भरलं गेलं, पुढची जागा निघेल तेव्हा बघू. पुढची जागा निघेल तेव्हा मी घरी बसलेली असेन, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

"पर आपका भी तो फ़ायदा है," ते म्हणाले. "नाम तो आख़िर आपका ही जुड़ेगा."

खोटं नव्हतं. म्हणूनच मी लगेच उठून गेले नाही. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. विनायक म्हणाले, कर ना, झालं गेलं सोड. मी लॅपटॉप उघडला, इंदूरचं खातं उघडलं. त्यात एकच नवं पत्र होतं. लिहिलं होतं, प्रिय कालिंदी टोपरे, मेधा चिटणीस नावाच्या व्यक्तीने कळवलं आहे की तुमचं लेखन त्यांचं आहे आणि ते त्यांच्या कॉलेजच्या नावावर जमा व्हावं. तुम्हाला हे मान्य आहे का?

खाली दोन चौकटी. साहेब खुर्ची जवळ ओढून वाकून बघत होते. मी ते पत्र दोनदा वाचलं. मग नाही दाबलं.

"मैडम, ये क्या किया आपने?"

"मैंने नहीं किया, साहब," मी म्हटलं. "टोपरे मैडम की सहमति नहीं है."

साहेब गेले, चहा तसाच ठेवून. विनायकांच्या मते मी नाकावरच्या रागाने स्वतःचंच नाक कापून घेतलं, आणि असेलही तसं. आजही टोपरेचा उल्लेख कुठे ना कुठे होतो. मी अधूनमधून पोर्टलवर बघते. त्यातला एकही कॉलेजच्या खात्यात नाही. माझ्याही नाही, आणि ते सलतं. पण माझ्या नावाचं काय करायचं, हे मला विचारावं असं तोवर कुणालाच वाटलं नव्हतं. तांदळाच्या ताटाशी नाही, सेवापुस्तकात नाही, मुलाखतीत नाही. त्या रविवारी पहिल्यांदा विचारलं, तेही एका यंत्राने, आणि मी उत्तर दिलं.